तरवड लावायचा तर: बी ओळखण्यापासून पहिल्या छाटणीपर्यंत

तरवडाचं रोप नर्सरीत सहसा मिळत नाही. म्हणून लोक माळावरचं झुडूप उपटून आणतात आणि बांधावर लावतात. ते आठ-दहा दिवसांत वाळून जातं. मग कोणी बी आणून पेरतं, तर ते महिनाभर मातीत जसंच्या तसं पडून राहतं. ज्याचं उगवतं तो रोज पाणी घालून रोप कुजवतो. आणि ज्याचं सगळं सुरळीत होतं, त्याने कधीकधी बीच टाकळ्याचं, म्हणजे तरवडासारख्या दिसणाऱ्या तणाचं, आणलेलं असतं.

हे झुडूप उघड्या मुरमावर, भर उन्हात, कोणी विचारत नसताना वाढतं, आणि आपण लावलं की मरतं. याला कारण आपला क्रम. बीचं कवच फोडायला हवं तेव्हा आपण ते तसंच पेरतो, आणि रोपाकडे पाठ फिरवायला हवी तेव्हा झारी घेऊन उभे राहतो. खाली जो क्रम दिला आहे तो सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग, माण-खटाव, अहिल्यानगर, बीड, धाराशिव अशा कमी पावसाच्या पट्ट्यासाठी आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर तरवड रमत नाही, तिथे हा खटाटोप करू नये.

कामाचं वेळापत्रक साधारण असं: पौष ते फाल्गुन बी गोळा करायचं, चैत्र-वैशाखात जागा तयार करायची, मृगाचा पाऊस झाला की टोकायचं, म्हणजे ठरलेल्या जागी मोजकं बी मातीत खुपसायचं. जूनमध्ये आठवण झाली आणि हातात बी नसेल, तर हे वर्ष गेलं असं समजा आणि येत्या हिवाळ्यासाठी झाडं हेरून ठेवा.

टप्पा १: जागा ठरवा, आणि कुठे लावायचा नाही तेही ठरवा

तरवडाला हवं ते एवढंच: दिवसभराचं ऊन आणि पाणी न साठणारी जमीन. मुरूम, हलकी तांबडी माती, दगडगोटे मिसळलेली उताराची जमीन, शेताचा बांध, रस्त्याकडेची भराव टाकलेली बाजू, शेततळ्याच्या भरावाचा बाहेरचा उतार, या सगळ्या जागा चालतात. खोल काळ्या जमिनीतही तो येतो, पण पावसाळ्यात जिथे पाय रुततो तिथे मूळ कुजतं. काळ्या रानात लावायचाच असेल तर बांधाच्या खांद्यावर लावा, पायथ्याला नाही. बांधाचा माथाही टाळा, तिथून माणसं आणि जनावरं चालतात.

बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा. झुडूप छातीइतकं वाढल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

जमीन किती झिरपते हे बघायची सोपी रीत: हातभर खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात उभं असेल, तर ती जागा सोडून द्या.

> सावधान: पवना, कुसळी अशी गवतं असलेला चांगला नैसर्गिक माळ ‘मोकळी जागा’ समजून तिथे तरवड लावू नका. तो माळ चंडोल, खोकड, माळढोक अशा उघड्यावर राहणाऱ्या जिवांचं घर आहे, आणि त्यांना झुडपांची दाटी चालत नाही. तरवडाची जागा म्हणजे बांध, कुंपण, खचलेला उतार, खणून-उकरून उघडी पडलेली जमीन.

वृक्षारोपणाच्या उत्साहात हा फरक सर्रास विसरला जातो. गुरं तरवडाला फारसं तोंड लावत नाहीत. त्यामुळे जिथे बेसुमार चराई होऊन गवत संपतं, तिथे तो आपसूक वाढतो. म्हणजे माळावर तरवडाची दाटी दिसली की तो माळ आधीच थकलेला असण्याची शक्यता बरीच. धडधाकट माळावर मुद्दाम दाटी करण्याचं कारण नाही.

टप्पा २: झाड नक्की ओळखा

या टप्प्यावर घाई केली तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. पिवळी फुलं आणि शेंगा एवढीच ओळख धरली, तर अर्धा डझन वनस्पती तरवड ठरतील. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा सापडेल, दोन्ही एकच.

फूल नसतानाही ओळखता येईल अशी खूण पानाच्या बुडाशी असते. तिथे देठाच्या दोन्ही बाजूंना दोन रुंद, गोलसर, कानाच्या पाळीसारखे हिरवे पर्ण असतात आणि त्यांना बारीक टोक असतं. ते गळत नाहीत, पान आहे तोवर राहतात. ही खूण दिसली नाही तर पुढे जाऊच नका.

मग बाकीचं तपासा:

- संयुक्त पानावर पर्णिकांच्या, म्हणजे दांड्यावरच्या छोट्या पानांच्या, आठ ते बारा जोड्या असतात. पर्णिका लहान, बोथट टोकाच्या आणि टोकाला इवलासा काटा असल्यासारख्या.
- पर्णिकांच्या जोड्यांच्या मधोमध, पानाच्या दांड्यावर, उभी बारीक ग्रंथी दिसते. ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण पान उन्हात तिरकं धरावं लागतं.
- शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बोटभर लांब. वाळली की फिकट तपकिरी होते आणि प्रत्येक बीच्या जागी फुगवटा उमटतो.
- झुडूप बहुवर्षायू, बुडाशी लाकूड धरलेलं, साधारण कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहू. टाकळा (विदर्भात तरोटा) हे पावसाळी तण आहे. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या बहुधा तीनच असतात, शेंग लांब, बारीक आणि विळ्यासारखी वाकडी असते, आणि हिवाळा सरता सरता सगळं झाड वाळून जातं. त्याचं बी चकचकीत आणि दोन्ही टोकांना तिरकं कापल्यासारखं दिसतं. ते एकदा रानात पसरलं की वर्षानुवर्षं निघत राहतं.

कासविंदा किंवा कासोदा जास्त धोक्याचा. पर्णिका मोठ्या, टोकदार, चार ते सहा जोड्या. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. त्याच्या बिया विषारी आहेत, लहान मुलांनी खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. घराजवळच्या कुंपणाला चुकूनही लावू नये.

बागांमध्ये शोभेसाठी लावलेली मोठी पिवळी सेन्ना असते. ती दिसायला झोकदार, पण पानाच्या बुडाशी कानाच्या पाळ्या नसतात. अमेरिकेतून आलेलं, लवदार पानांचं एक वार्षिक सेन्नाही रस्त्याकडेला आणि पडीक जमिनीत गालिच्यासारखं पसरलेलं दिसतं. त्याच्या शेंगांना आडव्या खाचा असतात. त्याचं बी तर अजिबात हलवू नका, ते आपणहून पुरेसं पसरतं आहे.

> तपासणी: बी घ्यायचं झाड भाद्रपद-आश्विनात फुलांवर असताना ओळखून ठेवा आणि त्याला चिंधी बांधा. शेंगा वाळेपर्यंत पानं झडलेली असतात, तेव्हा नुसत्या शेंगेवरून खात्री करणं नवख्याला जड जातं.

टप्पा ३: बी गोळा करणं

शेंग पूर्ण तपकिरी झाली, बोटात दाबल्यावर कुरकुर वाजली आणि बी आत सुटं झालं, की तोडायची. हिरवट शेंगा तोडून घरी वाळवल्या तर बी सुरकुततं. उशीर झाला तरी शेंगा बराच काळ झुडपावर टिकतात, पण जितका उशीर तितकी कीड जास्त.

या किडीचा भुंगेरा शेंगेतच बी पोखरतो. बाहेर दिसतं ते फक्त टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक. भोक पडलेलं बी गेलं. भोक नसलेल्या बीतही अळी असू शकते, म्हणून शेंगा घरी आणल्या की लगेच फोडा. पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवल्या तर महिन्याभरात पोत्यात पीठ सापडेल.

एकाच झुडपाचं सगळं बी ओरबाडू नका. दहा-पंधरा झुडपांवरून थोडं थोडं घ्या. एक तर त्यामुळे लागवडीत सगळी रोपं एका आईची होत नाहीत, आणि दुसरं म्हणजे मूळ जागेवर पुढच्या पिढीसाठी बी उरतं. वनखात्याच्या राखीव जागेतून विनापरवाना काही आणू नये. बांधावर आणि रस्त्याकडेला तरवड भरपूर असतो.

किती बी लागेल? शंभर मीटर कुंपणाला दोन ओळी, ओळीत दोन फुटांपेक्षा थोडं कमी, म्हणजे 50 सेंटिमीटर अंतर धरलं, तर सुमारे 400 जागा होतात. जागेला चार बिया, म्हणजे 1600. पोखरलेलं, पोचट आणि नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायला लागणारं धरून अडीच हजार बिया हाताशी असाव्यात.

टप्पा ४: निवड आणि साठवण

शेंगा गोणपाटावर पसरून काठीने हलक्या हाताने झोडपा, सुपात पाखडा. मग बी पाण्याच्या बादलीत टाका. वर तरंगेल ते पोचट किंवा पोखरलेलं, ते काढून जाळून टाका. उकिरड्यावर टाकलं तर त्यातले भुंगेरे पुन्हा बाहेर पडतील. बुडालेलं बी लगेच उपसून सावलीत दोन दिवस सुकवा. टणक कवचामुळे एवढ्या वेळात पाणी आत जात नाही. तरीही एखादं बी फुगलेलं दिसलं तर ते साठवणीत घालू नका.

सुकलेलं बी कोरड्या डब्यात राखेत किंवा कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेवा. डब्यावर जागा आणि महिना लिहा. हे सांगायला किरकोळ वाटतं, पण दोन वर्षांनी घरात तीन डबे असतात आणि कुठल्यात काय आहे हे कोणालाच आठवत नाही.

टप्पा ५: कवच फोडणं

तरवडाच्या बीचं कवच पाणी आत जाऊ देत नाही. निसर्गात ते ऊन, दगडांची घासाघीस आणि एकामागून एक पावसाळे यांनी हळूहळू झिजतं, म्हणून एका झाडाचं बी थोडं थोडं करून अनेक वर्षं उगवत राहतं. झुडपाच्या दृष्टीने ही शहाणी चाल आहे, पण ओळीत कुंपण उभं करायला निघालेल्या माणसाची त्यात फजिती होते. नुसतं रात्रभर साध्या पाण्यात भिजवून काही होत नाही. सकाळी बहुतेक बिया जशा टाकल्या तशाच सापडतात.

दोन रीती खात्रीच्या आहेत.

थोडं बी असेल तर घासणं. पन्नास-शंभर बियांसाठी हीच रीत उत्तम. सुताराकडचा खरखरीत पॉलिश पेपर घ्या, बीची एक बाजू आतला फिकट रंग जरासा दिसेपर्यंत घासा आणि थांबा. नेलकटरने कडेचा टवका उडवला तरी चालतं. बीचं जे टोक शेंगेला चिकटलेलं होतं तिथे मात्र हात लावायचा नाही, कोंब त्या बाजूला असतो. घासलेलं बी रात्रभर साध्या पाण्यात ठेवा.

जास्त बी असेल तर गरम पाणी.

1. बीच्या पाचपट पाणी पातेल्यात उकळा.
2. पातेलं चुलीवरून उतरवा आणि तीन-चार मिनिटं थांबा. पाण्याचं तापमान 80 अंशांच्या आसपास यायला हवं.
3. मग बी ओता आणि एकदा ढवळा.
4. झाकण न ठेवता तसंच गार होऊ द्या. रात्रभर, साधारण बारा तास.
5. सकाळी चाळणीवर काढा. फुगलेलं बी वेगळं, न फुगलेलं वेगळं.

> सावधान: बी टाकल्यावर पातेलं पुन्हा गॅसवर ठेवू नका. मिनिटभर उकळी फुटली तरी बी शिजतं. शिजलेलं बीही छान फुगतं, त्यामुळे फसगत लगेच लक्षात येत नाही. पंधरा दिवसांनी मातीत कुजलेला लगदा मिळतो तेव्हा कळतं.

न फुगलेल्या बियांवर हाच प्रयोग आणखी एकदा करा, नाहीतर त्या घासा. काही पुस्तकांत गंधकाम्लाचा उल्लेख येतो. प्रयोगशाळेत ते ठीक, घरी आणि शेतावर नको. गरम पाण्याने भागतं तिथे आम्ल हाताळण्याचं काही कारण नाही.

> तपासणी: सगळं बी एकदम फोडू नका. मेमध्येच वीस बियांवर प्रक्रिया करून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवडा ते पंधरवड्यात दहा-बारा कोंब निघाले तर बी चांगलं. पाचही निघाले नाहीत तर दुसरीकडचं बी शोधा किंवा जागेला चाराऐवजी सात-आठ बिया टोका.

टप्पा ६: जागेवर टोकणं

शक्य असेल तिथे तरवड जागेवरच टोकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं सोटमूळ रोप वर दिसण्याच्या कितीतरी आधी खाली धावतं. बोटभर रोपाचं मूळ वीतभर खोल गेलेलं असतं. माळावरून उपटलेलं झुडूप जगत नाही ते याच कारणाने: हातात येतं ते वरचं लाकूड, मूळ खालीच तुटून राहतं. पिशवीत ते मूळ तळाशी आदळतं आणि गोल फिरतं.

जागा उन्हाळ्यातच करून ठेवा. पहारीने किंवा टिकावाने वीत-दीड वीत खोल भुसभुशीत करा, माती बाहेर काढायची गरज नाही. उतारावर प्रत्येक जागेच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा छोटा वरंबा घाला, म्हणजे वाहून जाणारं पाणी क्षणभर थांबेल. आळं करू नका, आळ्यात पाणी साचतं.

कुंपणासाठी दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा, ओळीत 50 सेंटिमीटर, आणि दुसऱ्या ओळीतली जागा पहिल्या ओळीतल्या दोन जागांच्या मधोमध. एकएकटी झुडपं हवी असतील तर दीड ते दोन मीटर सोडा.

टोकणीची वेळ पंचांगावर ठरवू नका, मातीवर ठरवा. मृग लागला पण पाऊस वरवरचा झाला असेल तर थांबा. दोन चांगले पाऊस झाले, माती वीतभर ओली झाली आणि वाफसा आला (माती ओलसर, पण चिखल नाही), की आदल्या रात्री बीला गरम पाणी द्या आणि सकाळी टोका. आकाश बघून आधीच बी भिजवलं आणि पाऊस रुसला तर ते बी गेलंच. फुगलेलं बी पुन्हा सुकवून ठेवता येत नाही.

1. नखभर, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर खोल टोका. त्याहून खोल गेलं तर कोंब वर येता येता दमतो.
2. प्रत्येक जागेला तीन फुगलेल्या बिया टाका आणि एक कोरडं, प्रक्रिया न केलेलं बी.
3. वरून बारीक माती सारा, हाताने हलकं दाबा.
4. चार काटक्या किंवा वाळलेलं गवत टाका. पावसाच्या माराने मातीला पापडी धरत नाही.

ते एक कोरडं बी विसरू नका. जूनअखेरीस पावसाने महिनाभर ओढ दिली तर फुगलेल्या बियांची रोपं करपतात. कोरडं बी मात्र मातीत गप्प पडून राहतं आणि पुढे केव्हातरी, कधी पुढच्या वर्षीसुद्धा, उगवतं. आपल्या पट्ट्यातला पाऊस पाहता हा विमा फुकटात मिळतो.

शेंगवर्गीय झाड म्हणून बीला रायझोबियम, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी आणणारे जिवाणू, चोळण्याचा सल्ला हमखास मिळतो. इथे तो लागू नाही. या कुळातल्या बहुतेक सेन्नांच्या मुळांवर नत्राच्या गाठीच येत नाहीत, तरवडही त्यातलाच. ते पाकीट हरभऱ्यासाठी ठेवा. तरवडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून कापून घालता येतो, तो फायदा खरा आहे. पण झाड उभं असताना जमिनीत नत्र भरेल ही आशा धरू नका.

> तपासणी: टोकल्यापासून तिसऱ्या आठवड्यात ओळीतून चाला. एकही रोप न आलेल्या जागा काडी खोचून खुणवा आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात तिथे पुन्हा टोका. श्रावणानंतर नांग्या भरल्या तर रोपाला हिवाळ्याआधी मूळ खोल न्यायला वेळ उरत नाही.

टप्पा ७: पिशवीत रोप करायचंच असेल तर

शाळेच्या आवारात, दगडी तालीवर किंवा जिथे उंदीर-खारी बी उकरतात तिथे पिशवीतलं रोप सोयीचं पडतं. पिशवी रुंदीपेक्षा उंच हवी, सहा बाय नऊ इंचाची घ्या. तळाला आणि बाजूंना भोकं भरपूर पाडा. मिश्रण तांबडी माती, जाडसर वाळू आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात. नुसता पोयटा किंवा काळी माती भरली तर पिशवीचा दगड होतो.

मार्चमध्ये टोका, जूनअखेरीस लावा. रोप तीन-साडेतीन महिन्यांहून जास्त पिशवीत राहिलं की मूळ गोल फिरायला लागतं. दर दोन-तीन आठवड्यांनी पिशव्या उचलून जागा बदला, म्हणजे तळातून निघालेलं मूळ जमिनीत शिरत नाही. पहिली चार पानं आली की सावलीची जाळी काढून टाका. जाळीखाली वाढलेलं रोप दिसायला हिरवंगार असतं, पण रानात गेलं की पहिल्याच उन्हात मान टाकतं.

लावताना पिशवी ओढून काढायची नाही, ब्लेडने उभी कापायची. तळाशी मुळांचा वेटोळा दिसला तर तेवढा छाटा. मातीचा गोळा फुटला तर ते रोप बाजूला ठेवा, त्याच्यावर वेळ घालवू नका.

गॅलरीतल्या कुंडीत येतो का, असं शहरातले वाचक विचारतात. दीड फूट खोल कुंडी, अर्धी वाळू आणि किमान सहा तास थेट ऊन असेल तर येतो. पूर्वेची दोन तासांची तिरीप पुरत नाही.

टप्पा ८: पहिलं वर्ष, म्हणजे हात आखडता घेणं

पहिल्या पावसाळ्यात खरं काम एकच: रोपाभोवती हातभर तण काढणं. गाजरगवत आणि टाकळा दोन्ही त्याच्या डोक्यावरून जातात. उपटताना टाकळा समजून तरवड उपटू नका. लहानपणी दोघे सारखे दिसतात, तेव्हा टोकलेल्या जागेच्या खुणेवर भरवसा ठेवा.

भाद्रपदात जागेला एकच जोमदार रोप ठेवा. बाकीची उपटायची नाहीत, जमिनीलगत कात्रीने कापायची. उपटली तर राहिलेल्याचं मूळ हलतं.

पाण्याबद्दल लोक ऐकत नाहीत. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांची उघडीप पडली तरच जागेला दोन तांबे पाणी द्या. हिवाळ्यात काही नको. पहिल्या उन्हाळ्यात, जमीन अगदी उथळ असेल तर पंधरा-वीस दिवसांतून एकदा चार-पाच लिटर, सावकाश, मुळाशी. दुसऱ्या पावसाळ्यापासून पाणी बंद. ठिबकच्या नळीवर डाळिंबाच्या शेजारी तरवड बसवला तर पानं पिवळी पडतात. मग लोक त्याला युरिया देतात. त्याला युरियाही नको.

उन्हाळ्यात पानं गळून काड्या उरल्या तर झाड मेलं असं समजू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर वळवाच्या पहिल्या सरीनंतर फूट येईल.

शेळ्या जाणत्या झुडपाकडे दुर्लक्ष करतात, पण कोवळं रोप चाखून बघतात आणि त्याहून जास्त तुडवतात. पहिलं वर्षभर बाभळीच्या काट्यांची फांदी आडवी टाकून ठेवा. पिवळसर-पांढरी फुलपाखरं पानांवर अंडी घालतात आणि हिरव्या अळ्या पालवी कुरतडतात. फवारू नका. दोन आठवड्यांत अळ्या जातात आणि पालवी परत येते.

टप्पा ९: छाटणी

झुडूप गुडघ्याला लागलं की शेंडा खुडा, बाजूने फांद्या फुटतात. खरी छाटणी दुसरा पावसाळा झाल्यावर, तीही वैशाखाच्या अखेरीला. जमिनीपासून फूट-दीड फूट ठेवून वरचं सगळं धारदार विळ्याने किंवा कात्रीने तिरकं कापा. पाऊस पडला की बुडातून जोरात फुटवे येतात आणि कुंपण खालपासून भरतं. दरवर्षी एवढी छाटणी नको, एक वर्ष आड पुरे.

> सावधान: श्रावणात कुंपण ‘नीट दिसावं’ म्हणून छाटू नका. फुलं नव्या फांद्यांच्या टोकांना येतात. श्रावणात टोकं गेली की नवरात्रात घटाच्या माळेला तरवडाची फुलं दुसऱ्याच्या बांधावरून आणावी लागतील.

कापलेल्या फांद्या पेटवण्याऐवजी ओळीतच आच्छादन म्हणून पसरा. साल कातडी कमावायला वापरतात हे माहीत असलेले काही जण उभ्या खोडाची साल गोल सोलतात. त्या फांदीचा वरचा भाग मरतो. साल हवी असेल तर छाटणीत निघालेल्या फांद्यांचीच काढा.

टप्पा १०: फुलं आणि पुढच्या वर्षीचं बी

साधारण दुसऱ्या पावसाळ्यानंतर चांगली फुलं येतात. तरवडाच्या फुलात मध नसतो. मोठे काळे भुंगे येतात ते परागासाठी. परागकोशाला टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं, आणि भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो तेव्हा त्या थरथरीने पराग बाहेर उडतो. हे काम सकाळी चालतं. शेजारच्या पिकावर सकाळी कीटकनाशक मारलं की भुंगे येणं थांबतं आणि झुडूप फुलांनी भरूनही शेंगा रिकाम्या राहतात. फवारणी टाळता येत नसेल तर ती संध्याकाळी करा.

चहासाठी फुलं वाळवायची तर त्याच दिवशी उमललेली, सकाळी दव सुकल्यावर खुडा. अर्धी झाडावर ठेवा. रस्त्याकडेची आणि फवारणीच्या शेताजवळची नकोत. मुंग्या-अळ्या झटकून, सुती कापडावर एक थर पसरून सावलीत वाळवा, आश्विनातल्या उकाड्यात तीन ते पाच दिवस लागतात. उन्हात वाळवली तर रंग उडतो, ओलसर असताना डबाबंद केली तर बुरशी धरते. चिमटीत चुरा झाला तरच बरणीत भरा.

मधुमेहावरचा उपाय म्हणून हा चहा बराच फिरतो आहे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका, आणि त्याच्या भरवशावर गोळ्या तर मुळीच बंद करू नका. गरोदर बायकांनी टाळावा.

शेंगांसाठी ओळीतली सर्वांत निरोगी पंधरा-वीस झुडपं फुलं न तोडता सोडा आणि त्यांना आत्ताच चिंधी बांधा. पौषात शेंगा वाजायला लागल्या की टप्पा ३ पासून पुन्हा सुरू करा. आता झाडाच्या ओळखीचा प्रश्न उरलेला नसतो, पण भुंगेऱ्याने पोखरलेलं बी मात्र दरवर्षी निवडावंच लागतं.